ओळख, हुन्नर आणि दुसरा लॉट: कोल्हापुरात नवा धंदा काढताना

लेबलं छापून घ्यायला येणारा नवा माणूस टेबलासमोर बसला की मी विचारतो, "किती काढू?" बहुतेक जण पाच हजार सांगतात. मी हजारच काढून देतो. उरलेली चार हजार माळ्यावर उंदरांनी खाल्लेली मी बऱ्याच घरांत पाहिली आहेत.

लक्ष्मीपुरीत छपाईचं छोटं दुकान चालवताना एक गोष्ट बँकेच्या आधी मला कळते, ती म्हणजे दुसऱ्या लॉटला कोण परत आलं. चटणी, लोणचं, गूळ पावडर, उदबत्ती, हुपरीच्या पैंजणांच्या डब्या असं सगळं माझ्या टेबलावरून जातं. माल फक्कड असूनही पुन्हा न दिसलेले पुष्कळ आहेत. मालात विशेष काही नसताना दर दोन महिन्यांनी येणारेही आहेत. माझा अंदाज असा की इथं पहिलं गिऱ्हाईक ओळखीनं मिळतं आणि विसावं हुन्नरानं. मधली अठरा कुठून येणार, याचा विचार मात्र कुणी केलेला नसतो. पुढच्या पायऱ्या त्या अठरांसाठी आहेत.

पहिली पायरी: माणसांची वही

भांडवलाचा हिशेब मांडण्याआधी एक संध्याकाळ माणसांच्या हिशेबाला द्या. शंभर पानी वही घ्या आणि तीन रकाने आखा: माल कोण घेईल, काम कोण शिकवेल, बातमी कोण देईल.

पहिला रकाना भराभर भरतो. आपल्याकडं दोन अनोळखी माणसं भेटली तरी "पावणं, गाव कुठलं?" पासून सुरू होऊन तिसऱ्या प्रश्नाला कुणाचं तरी आजोळ किंवा साडू जुळतोच. दुसऱ्या रकान्यात दोन-तीन नावं येतात. तिसरा रिकामा राहतो, आणि धंद्याला सगळ्यात जास्त उपयोगी तोच असतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली याचं कारण मांडलं. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं, की ज्यानं जागा सुचवली तो माणूस तेव्हा तुम्हाला कितीदा भेटायचा? आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्याकडून कळलेले जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यानं सांगितलं होतं. जवळच्या माणसांना आपल्याबद्दल जास्त कळवळा असतो, पण त्यांना ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी तोंडओळखीचा माणूस आणतो, कारण त्याचं उठणं-बसणं दुसरीकडं असतं.

समजा, तुम्ही चटणीचा धंदा काढताय. हे त्याला लावून बघा. तुमच्या भावकीतल्या सगळ्यांना तीच पाच दुकानं माहीत असतात. गडहिंग्लजहून रोज माल आणणाऱ्या टेम्पोवाल्याला मात्र वाटेवरच्या कुठल्या दुकानात चटणी संपली आहे, कुठल्या दुकानदाराचं जुन्या पुरवठादाराशी बिनसलं आहे, हे सगळं माहीत असतं. तेव्हा तिसऱ्या रकान्यात दहा नावं लिहा: टेम्पोवाला, मुलीच्या शाळेच्या गेटवर भेटणारी बाई, मिरची कुटायच्या डंकावर शेजारी बसणारी, मार्केट यार्डातला हमाल, बँकेतला शिपाई. आठवड्याला दोघांना गाठा आणि त्यांना काही विकू नका, फक्त एक प्रश्न विचारा: "लोक सध्याच्या मालाबद्दल काय कुरकुर करतात?" विकायला गेलात तर माणूस अंग चोरतो. सल्ला मागायला गेलात तर चहा पाजून तासभर बोलतो. हा कोल्हापुरी स्वभाव आहे, फुकट मिळतोय तर वापरा.

दुसरी पायरी: दुसऱ्याच्या दुकानात तीन महिने

हे ऐकून बहुतेकांचं तोंड वाकडं होतं. "मालक व्हायचंय आणि आधी नोकर होऊ?" व्हा.

शिवाजी उद्यमनगरच्या गल्ल्या अशाच उभ्या राहिल्या. उसाला पाणी पाजायला ऑइल इंजिनं आली. ती दुरुस्त करता करता म्हादबा मिस्त्रींसारखे कारागीर स्वतः यंत्रं घडवू लागले. इंजिनाला बीड म्हणजे ओतीव लोखंड लागतं म्हणून फौंड्र्या आल्या, फौंड्रीला पॅटर्न लागतात म्हणून पॅटर्नवाले आले, मग मशीन शॉप. आज हाच पसारा शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या वसाहतींत गाड्यांचे सुटे भाग करतो. लेथवर शिकलेला पोरगा चार वर्षांनी पलीकडच्या गल्लीत स्वतःची शेड टाकायचा आणि पहिलं जॉबवर्क बऱ्याचदा जुना मालकच द्यायचा. हुन्नर आणि ओळख त्याला एकाच जागी मिळाली होती. वर्गात बसून शिकलेल्याला कौशल्य मिळतं, पण त्या धंद्यातली माणसं मिळत नाहीत. ती मिळवायला आणखी दोन वर्षं जातात.

पाककृती घरीही येते, तेव्हा त्या तीन महिन्यांत दुसऱ्या गोष्टींकडं लक्ष ठेवा. मालक मिरची कधी घेतो (फाल्गुन-चैत्रात भाव आणि माल दोन्ही हाताशी असतात, पावसाळ्यात दोन्ही जातात). संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीचं प्रमाण का बदलतो. परत आलेल्या मालाचं काय करतो. वसुलीला कुठल्या वारी जातो. आणि गिऱ्हाईक चिडलं तर पहिलं वाक्य काय बोलतो, हेही ऐकून ठेवा.

मालकाला खरं सांगून जा. चोरून शिकलेलं गावभर होतं आणि मग तुमची वही कोरी पडते.

तिसरी पायरी: एका किलोचा हिशेब

माझ्याकडं न परतलेल्यांपैकी बरेच जण इथं बुडाले. समजा, कांदा-लसूण चटणी किलोला ४०० रुपये छापील किमतीला विकायची आहे. दुकानदाराचे २० टक्के म्हणजे ८० गेले, उरले ३२०. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, मसाला धरून २३०. डंकाचे ३०. पाऊच आणि लेबल १४. गॅस १०. रिक्षा ८. झाले २९२. किलोमागं २८ रुपये राहिले. दिवसाला १५ किलो गेली तर ४२०. हाताखालच्या बाईची हजेरी ३५० धरली तर तुमच्या वाट्याला ७० येतात. नासलेला माल, कर आणि अडकलेली उधारी अजून धरलेली नाही.

तुमचे आकडे वेगळे असतील. पण लेबल छापायच्या आधी हे गणित कागदावर असायला हवं, कारण एकदा छापलेली किंमत वाढवायची म्हणजे नवं लेबल आणि दुकानदाराचं नवं तोंड.

हिशेब ठेवायला अकाउंट्सचा कोर्स लागत नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं आणि दुसऱ्याला नुसते साधे ठोकताळे दिले. २०१४ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात वह्या सुधारल्या त्या ठोकताळेवाल्यांच्या. हिशेबशास्त्रवाल्यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. त्यांचा मुख्य ठोकताळा आपल्या आजीलाही पटेल असा होता: घरचे आणि धंद्याचे पैसे वेगवेगळ्या खणांत. दोन गल्ले ठेवा. घरच्या सिलिंडरला धंद्याच्या गल्ल्यातून काढलेत तर तिथं चिठ्ठी टाका. यूपीआयसाठी दुसरं खातं काढा, नाहीतर महिनाअखेरीला भेळेचे आणि मिरचीचे पैसे वेगळे करत बसाल.

चौथी पायरी: प्रशिक्षणाला जोडीनं जा

जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे. तिच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत (सगळे 'आरसेटी' म्हणतात) ग्रामीण तरुणांना राहून-जेवून फुकट शिकता येतं. जिल्हा उद्योग केंद्र आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचेही वर्ग असतात. चप्पल, सोनारकाम, कुंभारकाम अशा १८ कामांतल्या कारागिरांसाठी २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे: प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये, हत्यारांना १५ हजार, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज.

जाताना मैत्रिणीला किंवा मित्राला बरोबर घ्या. अहमदाबादेत कष्टकरी बायकांच्या सहकारी सेवा बँकेच्या महिला ग्राहकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. काहींना एकटीला बोलावलं, काहींना मैत्रिणीसह. फरक पडला तो मैत्रीण बरोबर असलेल्यांना. चार महिन्यांनी त्यांनी धंद्यासाठी कर्ज घेतलेलं जास्त दिसलं, काम वाढलं होतं, घरातलं उत्पन्नही. ज्या बायकांच्या बाहेर पडण्यावर घरची बंधनं जास्त, त्यांना याचा फायदाही जास्त झाला. मला यात नवल वाटत नाही. माझ्या दुकानात एकटी आलेली बाई "घरी विचारून सांगते" म्हणून जाते. दोघी आल्या की पाऊचचा रंग तिथल्या तिथं ठरतो, आणि माझा भाव पाडूनच जातात.

काय शिकावं, याबद्दलही एक आकडा डोक्यात ठेवण्यासारखा आहे. पश्चिम आफ्रिकेत टोगोची राजधानी लोमे इथं १,५०० छोट्या धंद्यांवर प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. स्वतःहून पुढाकार घ्यायचा, कुणी सांगायच्या आत बदल करायचा, अडथळा गृहीत धरून बेत आखायचा, असं ज्यांना शिकवलं त्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीचं हिशेब-विक्रीचं शिक्षण घेतलेल्यांचा ११ टक्के, तोही नक्की वाढला म्हणता येईल असा नाही. म्हणून प्रमाणपत्राच्या कागदापेक्षा मास्तर तुमच्याकडून काही करून घेतात का, ते बघा.

अनुदानाबद्दल एकच सांगतो. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, महिला आणि इतर विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के अनुदान असतं. ते हातात पडत नाही. तीन वर्षं बँकेत तुमच्या नावे अडकून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. अनुदानाच्या पैशानं मशीन घेऊ म्हणून बसलेले अजून बसलेलेच आहेत.

पाचवी पायरी: दहा जणांची बैठक

माझ्या मते या लेखातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि तिला जवळजवळ काही खर्च येत नाही.

चीनच्या नानचांग शहरात २,८२० तरुण कंपन्या घेतल्या. त्यांतल्या काहींच्या मालकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे छोटे गट पाडले आणि वर्षभर महिन्यातून एकदा भेटायला सांगितलं. बाकीच्यांना तसंच सोडलं. भेटणाऱ्यांची विक्री इतरांपेक्षा ८.१ टक्क्यांनी वाढली. नफा वाढला, नवे भागीदार मिळाले, आणि बैठका संपल्यावर वर्षभरानंतरही फरक टिकून होता. २०१८ मध्ये हे छापून आलं. त्यातल्या दोन बारकाव्यांचा आपल्याला उपयोग आहे. गटात आपल्यापेक्षा मोठे धंदेवाले असले तर वाढ जास्त. आणि एकमेकांचे स्पर्धक असले की लोक कामाची माहिती दाबून ठेवतात.

आपल्याकडं दर महिन्याला न चुकता जमायची सवय आधीच आहे, तिला भिशी म्हणतात. त्याच ठरलेल्या तारखेला हे काम जोडा. दहा जण, पण एका धंद्यातले दोन नकोत: चटणीवाली, शिवणकामवाली, बेकरीवाला, टू-व्हीलर मेकॅनिक, पॅकिंगवाला, आणि एक-दोन तुमच्यापेक्षा दहा पट मोठे. मोठा माणूस येणार नाही असं वाटतं, पण "मार्गदर्शन करा" म्हटल्यावर पेठेतला कुठला ज्येष्ठ नाही म्हणतो? प्रत्येकानं महिन्याची विक्री, अडकलेली उधारी आणि एक अडचण असं तिन्ही सांगायचं. ज्याची अडचण, त्यानं वीस मिनिटं गप्प बसून ऐकायचं. राजकारण आणि फुटबॉल चहा झाल्यावर. (पेठांच्या संघांवरून दोन बैठका मोडलेल्या मी पाहिल्या आहेत.) सहा महिने तरी मोडू देऊ नका, एकदाच भरलेल्या मेळाव्यात नुसती कार्डं वाटली जातात, आणि ती कार्डं छापणारा मी असल्यामुळं त्यांचं पुढं काय होतं ते मला माहीत आहे.

आपल्याच धंद्याची संघटना यापेक्षा वेगळी. भाव, सरकारी नियम, विजेचे दर यांसाठी तिथं जरूर जा. गुपितं मात्र तिथं कुणी सांगणार नाही.

सहावी पायरी: उधारी

ओळखीची दुसरी बाजू इथं दिसते. माझ्याच एका जवळच्या पाहुण्यानं लग्नाच्या साडेआठशे पत्रिका उधारीवर नेल्या. लग्न झालं, बारसं झालं, जावळ झालं. पैसे यायचेत. मागायला गेलो तर "आपल्याच घरचं काम हाय की" असं उत्तर मिळालं.

तेव्हापासून घरच्यांना सूट देतो, उधारी देत नाही. दहा टक्के कमी घेतो, पण आधी घेतो. कुणी रागावत नाही, कारण सूट सगळ्यांना सांगता येते. वर्गणीचंही तसंच, तालमीला वर्षाचा आकडा जानेवारीतच ठरवून सांगा. आणि दुकानाचा कट्टा होऊ देऊ नका. चार मित्र पायरीवर बसलेले असले की बायका-मुली आत यायचं टाळतात आणि ते तुम्हाला कुणी तोंडावर सांगत नाही.

दुकानदारांची उधारी मात्र टळत नाही. त्यासाठी आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करा. ती आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि फुकट होते. पैसे मागणारा एजंट भेटला तर उठून या. ही नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२४ पासून असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हे संरक्षण नाही, माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे.

कायद्याची धमकी दिली की दुकान कायमचं तुटतं, म्हणून ती वेळ येऊ देऊ नका. बिलावर उद्यम क्रमांक आणि "देय मुदत १५ दिवस" एवढं छापून घ्या. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. मागची बाकी आल्याशिवाय पुढचा डबा उतरवायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी हसत सांगा. सहाव्या महिन्यात सांगितलात तर भांडण होतं.

सातवी पायरी: नाव आणि लेबल

सुभाषनगरातले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या पायताण बनवतात. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं, हातानं विणलेली वेणी, कान, अंगठा. हुन्नराला तोड नाही. पण गिऱ्हाईक ओळखतं ते चप्पल लाइनीतल्या दुकानाला. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्रादा या इटालियन फॅशन कंपनीनं तसेच सँडल दाखवले तेव्हा गदारोळ झाला आणि त्या कंपनीला भारतीय कारागिरीपासून ते सुचल्याचं कबूल करावं लागलं. मानांकन हे अनेकांच्या मालकीचं नाव आहे. त्यातली तुमची जोडी कुठली, हे शोधायचा धागा डब्यावर हवा. म्हणून डब्यात बनवणाऱ्याचं नाव, गाव आणि फोन असलेली चिठ्ठी टाका.

खाण्याच्या मालाला नाव, वजन, किंमत, तारीख, अन्न नोंदणी क्रमांक, हिरवा ठिपका हे हवंच. तक्रारीसाठी फोन छापताना पोराचा नंबर देऊ नका. तो उचलत नाही.

व्हॉट्सअॅपवर न विचारता कुणाला ग्रुपमध्ये घालू नका. स्टेटस ठेवा आणि ज्याला हवं त्याला वेगळं पाठवा.

आठवी पायरी: "कुणाकडून?"

बिलबुकात एक जास्तीचा रकाना छापून घ्या: कुणाकडून. नवं गिऱ्हाईक आलं की विचारायचं, आमचं नाव कुठून कळलं? दोन सेकंदांचं काम. सहा महिन्यांनी पहिल्या पायरीची वही काढा आणि दोन्ही समोरासमोर ठेवा.

चटणीचा धंदा करणाऱ्या एका बाईंनी हे खरंच केलं. तिसऱ्या लॉटला आल्या तेव्हा वही पिशवीत होती. तीसेक दुकानं झाली होती. नात्यातून आलेली चार, आणि त्यातल्या दोघांची उधारी थकलेली. सात जण कुठंतरी चव घेऊन आपणहून आलेले. काही एका दुकानदारानं दुसऱ्याला सांगून. आणि अकरा दुकानं एकट्या टेम्पोवाल्या मामांमुळं, ज्यांचं नाव वहीत दहावं होतं आणि तेही मी आग्रह केला म्हणून लिहिलेलं. आता मामांच्या घरी दर महिन्याला किलोभर चटणी जाते.

"लेबलं किती काढू?" मी विचारलं.

"दोन हजार. आणि फोन नंबर बदला, पोराचा हाय त्यो."